चर्चमधला बाक आणि पहिलं शील

वाचक ताईंचं पत्र, थोडक्यात:

"मी कॅथलिक, नवरा बौद्ध. लग्न नोंदणी करून आणि मग विहारात झालं, चर्चमध्ये नाही. चार वर्षांपूर्वी आठव्या आठवड्यात गोळ्या घेऊन गर्भपात केला. मुलगी तेव्हा पाच महिन्यांची होती, बाळंतपणानंतरच्या नैराश्यावर माझे उपचार चालू होते आणि नवऱ्याची नोकरी गेली होती. तो म्हणाला, तू ठरवशील ते. हे पाप आहे हे मला माहीत होतं. त्यासाठी चर्चचा बहिष्कार असतो हे आईनं नंतर सांगितलं. तेव्हापासून मिस्साला जाते, पण ख्रिस्तप्रसादाच्या रांगेत उभी राहत नाही, बाकावरच बसून राहते. नवरा पंचशील म्हणताना प्राणघात टाळण्याची पहिली ओळ गिळतो. गेल्या वर्षी गर्भ गर्भाशयाऐवजी नळीत राहिला आणि रातोरात उजवी नळी काढावी लागली. आई म्हणते देवानं शिक्षा केली. सासूबाई म्हणतात कर्म फिरून आलं, ही पाराजिका आहे, धुऊन निघत नाही. मावसभाऊ म्हणतो चाळीस दिवसांच्या आत जीवच नसतो. मी चर्चबाहेर आहे का? नळीचा तो दुसरा गर्भपात धरायचा का? बाळ कुठे गेलं? आम्ही दोघांनी मिळून काही करू शकतो का?"

ताई, आधी नळीचं बोलू. तुमच्यावरचं जे ओझं मुळात तुमचं नाहीच, ते सगळ्यात जास्त तिथे आहे.

नळीत रुजलेला गर्भ जन्मापर्यंत पोचत नाही. नळी ताणत नाही, फाटते. मग पोटात रक्त साचतं आणि बाई काही तासांत दगावू शकते. शंभरातल्या एक-दोन गर्भधारणा गर्भाशयाबाहेर रुजतात आणि त्यांतल्या नव्वद टक्क्यांहून जास्त नळीतच. नळीला पूर्वी झालेला जंतुसंसर्ग, नळीवरची शस्त्रक्रिया, धूम्रपान ही ओळखीची कारणं. कितीतरी जणींच्या बाबतीत कारण सापडतच नाही. गोळ्यांनी, वेळेत आणि गुंतागुंत न होता झालेल्या गर्भपातामुळे पुढचा गर्भ नळीत जातो, असा वैद्यकशास्त्राचा निष्कर्ष नाही. एकदा असं झालं की पुन्हा होण्याची शक्यता मात्र साधारण दहात एक असते. म्हणून पुढे दिवस राहिले तर सहाव्या-सातव्या आठवड्यातच सोनोग्राफी करून गर्भ कुठे आहे ते पाहून घ्या. त्यासाठी पाळी चुकल्यावर वाट बघत बसू नका.

आता धर्माचं. कॅथलिक नीतिशास्त्रात यासाठी दुहेरी परिणामाचं तत्त्व आहे. मध्ययुगीन धर्मपंडित थॉमस अक्वायनस यांनी स्वसंरक्षणाची चर्चा करताना मांडलेल्या विचारातून ते वाढलं. कसोट्या चार: कृती स्वतः वाईट नसावी; वाईट परिणाम हवासा नसावा; चांगला परिणाम वाईटाच्या मार्गानं मिळवलेला नसावा; आणि चांगलं इतकं मोठं असावं की वाईट सोसणं पटावं. तुमच्या बाबतीत डॉक्टरांनी फुटायला आलेला अवयव काढला. गर्भ जगणार नाही हे दिसत होतं, पण तो मरावा म्हणून काही केलं नाही. नळी काढण्याला कॅथलिक नीतितज्ज्ञांची जवळपास एकमतानं मान्यता आहे. नळीला चीर देऊन फक्त गर्भ काढणं किंवा गर्भाची वाढ थांबवणाऱ्या मेथोट्रेक्सेट या औषधाचं इंजेक्शन देणं यावर मात्र त्यांच्यातच वाद आहे आणि रोमनं त्यावर शेवटचा शब्द दिलेला नाही. तुमचा तो प्रश्नच नाही. ही गोष्ट पापनिवेदनात, म्हणजे फादरांपुढच्या कबुलीत, गर्भपात म्हणून सांगू नका; दुःख म्हणून सांगायची असेल तर जरूर सांगा.

बौद्ध अट्ठकथांत, म्हणजे पाली ग्रंथांवरच्या जुन्या टीकांत, प्राणघाताची पाच अंगं सांगितली आहेत: प्राणी असणं, तो प्राणी आहे हे माहीत असणं, मारण्याचं चित्त, त्यासाठी केलेला प्रयत्न, आणि त्या प्रयत्नानं आलेलं मरण. पाचही जुळली तरच कर्म पूर्ण होतं. रात्री पोट धरून ऑपरेशन थिएटरमध्ये गेलेल्या बाईच्या मनात तिसरं अंग कुठे होतं, हे सासूबाईंनीच सांगावं.

शिक्षेचं काय? तुमच्या आईच्या धर्मग्रंथात जन्मांध माणसाला पाहून शिष्य विचारतात, पाप कुणाचं, याचं की याच्या आईबापांचं? येशू म्हणतो, याचंही नाही आणि आईबापांचंही नाही. योहानाचं शुभवर्तमान, नववा अध्याय, पहिल्या तीन ओव्या. सासूबाईंच्या परंपरेत संयुत्तनिकाय या सुत्तांच्या संग्रहात मोळियसीवक नावाचा परिव्राजक बुद्धांना विचारतो, माणूस जे जे भोगतो ते सगळं पूर्वकर्माचंच ना? बुद्ध आठ कारणं मोजतात: पित्त, कफ, वात, तिघांचा एकत्र बिघाड, ऋतुबदल, शरीराची हेळसांड, बाहेरून झालेला आघात, आणि आठवं कर्मविपाक. सगळं कर्मावर टाकणारे स्वतःला ठाऊक असलेल्याच्या पलीकडे बोलतात, असं ते स्पष्ट म्हणतात. सूज आलेली नळी पहिल्या सातांत बसते.

मला वाटतं तुमच्या घरात एक तिसराच धर्म तयार झालाय. त्यात देवाकडून शिक्षा घेतली आहे आणि कर्माकडून अटळपणा. पहिल्या धर्मातली क्षमा आणि दुसऱ्यातली मोकळी वाट मात्र दोन्ही बाहेर ठेवली आहेत. असा धर्म ना पोप शिकवतात, ना कुठले भन्ते. म्हणून पुढचं सगळं मी वेगवेगळं ठेवतो, तुम्हीही तसंच ठेवा.

मावसभावाचा चाळीस दिवसांचा दाखला हवेतला नाही, पण अर्धा आहे. ॲरिस्टॉटलच्या हिशेबात मुलग्याचा गर्भ चाळीस दिवसांनी आणि मुलीचा नव्वद दिवसांनी आकाराला येतो. अक्वायनस यांनीही आत्मा नंतर येतो असं मानलं. त्यावरून मध्ययुगीन चर्चनं आकार आलेला आणि न आलेला असा भेद केला, पण तो शिक्षा किती द्यायची यासाठी. आकार न आलेला गर्भ पाडणं निर्दोष आहे असं चर्चनं कधी शिकवलं नाही. 'दिदाखे' या अगदी आरंभीच्या ख्रिस्ती पुस्तिकेतच गर्भपाताला मनाई आहे. ३१४ सालच्या अँकिराच्या धर्मपरिषदेनं त्यासाठी दहा वर्षांचं प्रायश्चित्त ठरवलं, म्हणजे आधीपेक्षा सौम्य केलं. त्याआधी मरेपर्यंत बाहेर ठेवत. चौथ्या शतकातल्या संत बेसिल यांनी तर आकाराचा कीस पाडायलाच नकार दिला. १५८८ मध्ये पाचव्या सिक्स्टस पोपनी भेद मोडून सरसकट कडक शिक्षा लावली, तीनच वर्षांनी चौदाव्या ग्रेगरींनी ती सैल केली, आणि १८६९ मध्ये नवव्या पायस यांनी भेद कायमचा काढला. आत्मा नेमका कधी येतो हा प्रश्न १९७४ च्या रोमच्या जाहीरनाम्यानं मुद्दाम उघडा ठेवला; शंका असली तरी मनुष्यजीव असण्याचा धोका पत्करू नये, असं त्याचं म्हणणं. शिवाय एक साधा हिशेब: डॉक्टर आठवडे शेवटच्या पाळीपासून मोजतात. आठवा आठवडा म्हणजे गर्भाचं वय सहा आठवडे, बेचाळीस दिवसांच्या आसपास. भावाची सवलत त्याच्याच मापानं निसटते.

बौद्ध बाजूला ही सवलत आणखी अवघड आहे. भिक्खूंच्या नियमांच्या ग्रंथात, विनयपिटकात, मनुष्यदेहाची व्याख्याच अशी आहे: मातेच्या उदरात पहिलं चित्त उपजतं, पहिलं विज्ञान, म्हणजे जाणीव, प्रकट होतं, तिथपासून मरणापर्यंत. उपसंपदेला, म्हणजे भिक्खू होण्याच्या दीक्षेला, लागणारी वीस वर्षंसुद्धा गर्भापासून मोजण्याची मुभा त्याच हिशेबानं दिली आहे. मज्झिमनिकायातल्या महातण्हासंखय सुत्तात गर्भ राहायला तीन गोष्टी लागतात: आईबापांचा संयोग, आईचा ऋतुकाळ आणि गंधब्बाची, म्हणजे जन्म घेऊ पाहणाऱ्याची, उपस्थिती. डॉ. आंबेडकरांनी आत्म्याचं संक्रमण आणि गतजन्मीच्या कर्माचा हिशेब दोन्ही नाकारले. त्यांच्या वाटेनं जाणाऱ्याला गंधब्बाचा आधार घेता येत नाही. त्याला प्रश्न प्रज्ञा आणि करुणेच्या भाषेत विचारावा लागतो, आई, आधीचं मूल आणि पोटातला जीव तिघांनाही समोर ठेवून. सासूबाई कोणत्या वाटेच्या आहेत ते तुम्हाला माहीत. पण गतजन्माचं कर्म नाकारायचं आणि सुनेच्या नळीत तेच कर्म शोधायचं, हे एकत्र जमत नाही.

आता तुमचा मुख्य प्रश्न. तुम्ही चर्चबाहेर आहात का?

कॅथलिक धर्मविधिसंहितेत कलम १३९७ मध्ये गर्भपात घडवून आणणाऱ्याला आपोआप बहिष्कार सांगितला आहे. डिसेंबर २०२१ च्या बदलाआधी हेच कलम १३९८ होतं. आपोआप म्हणजे कुणी निकाल न देता, कृतीबरोबरच लागणारा. तुमच्या आईनं इथपर्यंतचं ऐकलंय. कलम १३२४ त्यांना कुणी वाचून दाखवलं नाही. अशी शिक्षा जोडलेली आहे हे ज्याला स्वतःच्या हलगर्जीपणाशिवाय माहीत नव्हतं, जो मोठ्या भीतीखाली किंवा गरजेच्या दडपणाखाली वागला, ज्याची विचारशक्ती पूर्ण ठिकाणावर नव्हती, त्याला आपोआप लागणारी शिक्षा लागत नाही. तुम्ही लिहिलंय, पाप आहे हे माहीत होतं, बहिष्काराचं नंतर कळलं. नैराश्याचे उपचार चालू होते. पाच महिन्यांचं मूल कडेवर होतं. यांतली एक गोष्ट पुरली असती, तुमच्याकडे दोन-तीन आहेत. शेवटचा शब्द तुमच्या फादरांचा. पण जे लिहिलंय ते खरं असेल तर बहिष्कार तुम्हाला लागलाच नव्हता, असंच कायदा वाचून म्हणावं लागतं. नवऱ्याला तर लागूच होत नाही. चर्चचे स्वतःचे नियम बाप्तिस्मा झालेल्यांना बांधतात.

याचा अर्थ पाप उरलं नाही असा नाही. चर्चच्या मते हेतुपुरस्सर गर्भपात हा कायम गंभीर दोष. कारण कितीही मोठं असलं तरी कृतीची जात बदलत नाही, करणाऱ्याची जबाबदारी मात्र कमी होऊ शकते. त्यासाठी पापनिवेदन आहे. पूर्वी अनेक ठिकाणी बिशपांकडे किंवा त्यांनी नेमलेल्या फादरांकडेच जावं लागे. नोव्हेंबर २०१६ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी गर्भपाताच्या पापाची क्षमा देण्याचा अधिकार सगळ्या फादरांना कायमचा दिला. तरी एखादे फादर गोंधळले, बिशपांना विचारावं लागेल म्हणाले, तर उठून येऊ नका. अडचणीच्या वेळी ते तिथल्या तिथे क्षमा देऊन महिन्याच्या आत वरिष्ठांकडे जाऊ शकतात, आणि तेही तुमचं नाव न घेता. कलम १३५७ मध्ये तशी सोय आहे.

पण थांबा. तुमच्या पत्रात एक वाक्य तुम्ही सहज लिहून गेलात, आणि खरी अडचण तिथे आहे. लग्न चर्चमध्ये झालं नाही. कॅथलिक व्यक्तीनं बाप्तिस्मा न झालेल्या व्यक्तीशी बिशपांच्या परवानगीवाचून, चर्चच्या विधीबाहेर केलेलं लग्न चर्चच्या लेखी वैध ठरत नाही. म्हणजे ज्या कारणासाठी तुम्ही चार वर्षं बाकावर बसून राहिलात ते एका कबुलीजबाबात सुटणारं होतं; हे दुसरं कारण मात्र एका बैठकीत सुटत नाही. पुष्कळ बायका इथे फसतात. हिय्या करून गर्भपात सांगतात, फादर विचारतात लग्न कुठे झालं, आणि बाई समजते की गर्भपातामुळेच नकार आला. मग पुन्हा दहा वर्षं पाऊल टाकत नाही.

म्हणून क्रम असा ठेवा. आधी पॅरिशच्या फादरांना कबुलीच्या खोलीबाहेर, वेळ ठरवून, लग्नाबद्दल भेटा. तिथे गर्भपाताचा विषय काढायची गरज नाही. बरोबर बाप्तिस्म्याचा अलीकडे काढलेला दाखला, विवाह नोंदणीचं प्रमाणपत्र आणि नवऱ्याचं आधी लग्न झालेलं नसल्याची माहिती न्या. फादर बिशपांकडून भिन्नधर्मीय विवाहाची परवानगी मागवतील. त्यासाठी तुम्हाला श्रद्धा जपण्याचं आणि मुलांच्या बाप्तिस्म्यासाठी शक्य तेवढा प्रयत्न करण्याचं वचन द्यावं लागतं. नवऱ्याला फक्त हे कळवायचं असतं, त्याच्याकडून वचन घेत नाहीत. हे त्याला आधी घरी सांगा; ऑफिसात पहिल्यांदा कळलं की पुरुष बिथरतात. मग छोट्या विधीत दोघांनी नव्यानं संमती दिली की झालं. विहारात एकदा लग्न झालंय, पुन्हा कशाला, असं त्याला वाटलं तर लग्नाला मुळापासून मान्यता देण्याची वेगळी सोय आहे, तिच्यात त्याला पुन्हा काही उच्चारावं लागत नाही. ती फादर आपणहून सुचवतीलच असं नाही, तुम्ही विचारा. पापनिवेदन कधी करायचं हे याच फादरांशी ठरेल.

आणि कबुलीत काय बोलायचं? लांबण नको. किती वर्षांपूर्वी, एकदा, आठव्या आठवड्यात, स्वतः ठरवून, नवऱ्याच्या संमतीनं. आजाराचे उपचार चालू होते. शिक्षेबद्दल माहीत नव्हतं. पाच वाक्यं पुरतात. नवऱ्याचं किंवा डॉक्टरांचं नाव घेऊ नका, तिथे आपलंच सांगायचं असतं. क्षमा मिळाल्यावर तेच पाप पुढच्या वेळी पुन्हा सांगू नका. मन खातंय म्हणून दर महिन्याला तीच कबुली देणाऱ्याला जुने पापनिवेदक स्पष्ट थांबवत, कारण ते पाप धुणं नसतं, जखमेची खपली काढणं असतं. रात्र-रात्र झोप नसेल, मरणाचे विचार येत असतील, तर मात्र ज्यांनी तेव्हा उपचार केले त्या मानसोपचारतज्ज्ञांकडे आधी जा. ते काम फादरांचं नाही आणि भन्तेंचंही नाही.

आता सासूबाईंची पाराजिका. हा शब्द भिक्खूंचा आहे. विनयात भिक्खूंसाठी चार पाराजिका आहेत, तिसरी मनुष्यवधाची. ती घडली की भिक्खू संघातून जातो, दोन तुकडे झालेली शिळा सांधत नाही तसा. 'धुऊन निघत नाही' हे त्यांनी बहुधा तिथूनच उचललं. उपसंपदेच्या वेळी भिक्खूला जे बजावतात त्यात गर्भपाताचा थेट उल्लेख आहे. विनयात एकेक प्रकरण तपासलंय: बाईनं भिक्खूकडे गर्भ पाडायचं औषध मागितलं आणि त्यानं दिलं. गर्भ मेला तर त्या भिक्खूला पाराजिका. बाई मेली आणि गर्भ वाचला तर थुल्लच्चय, म्हणजे खालचा पण गंभीर दोष, कारण मारायचं होतं ते मेलं नाही. चेतनेवर किती बारीक नजर आहे बघा! पण या सगळ्यात दोष तपासलाय तो औषध देणाऱ्या भिक्खूचा. गृहस्थ बाईला विनय लागूच होत नाही. तुम्ही भिक्खुणी नाही, तुमचा नवरा भिक्खू नाही, त्यामुळे या घरात पाराजिका कुणाचीच झालेली नाही.

मात्र म्हणून बौद्ध दृष्टीनं काही झालंच नाही, असं तुमच्या नवऱ्यानं समजू नये, आणि तो समजतही नाही, नाहीतर ओळ गिळली नसती. जुन्या थेरवादी, म्हणजे पाली ग्रंथांवर चालणाऱ्या, चौकटीत ते प्राणघाताचं अकुशल कर्म आहेच, आणि संमती देणं, गोळ्या आणून देणं त्यात येतं. फरक पुढे पडतो. 'चेतनेलाच मी कर्म म्हणतो' हे अंगुत्तरनिकायातलं बुद्धवचन. त्यामुळे द्वेषानं केलेलं आणि घाबरून, रडत केलेलं यांचं वजन सारखं नाही. दलाई लामांनीही गर्भपाताला सामान्यतः अकुशल म्हटलं, पण प्रत्येक परिस्थिती वेगळी पाहावी असं सांगितलं. दुसरा फरक असा की इथे क्षमा करणारा कुणी नाही. भन्तेंना तो अधिकार नाही. तुम्हाला हे कोरडं वाटेल, पण त्याची दुसरी बाजू अशी की शिक्षा करणाराही कुणी नाही. अंगुत्तरातच मिठाच्या खड्याची उपमा आहे: वाटीभर पाण्यात टाकला तर पाणी पिववत नाही, गंगेत टाकला तर कळतही नाही. कर्म तेच, माणसाचं मन वाटी आहे की नदी यावर भोग ठरतो. केलेलं मागे घेता येत नाही, उरलेलं आयुष्य मोठं करता येतं.

दोन्ही धर्म मऊच आहेत असंही मला सांगायचं नाही. २००९ मध्ये अमेरिकेत फिनिक्सच्या सेंट जोसेफ रुग्णालयात फुप्फुसांतल्या रक्तदाबानं मरणाच्या दारात असलेल्या अकरा आठवड्यांच्या गर्भवतीचा गर्भपात झाला. नीतिसमितीतल्या सिस्टर मार्गारेट मॅकब्राइड यांनी त्याला संमती दिली होती. बिशप ओल्मस्टेड यांनी, त्यांना आपोआप बहिष्कार लागलाय, असं सांगितलं आणि २०१० च्या डिसेंबरात रुग्णालयाचा कॅथलिक दर्जाच काढला. पुढे सिस्टरांचा चर्चशी समेट झाला. इथे नळीसारखा आजारी अवयव काढला नव्हता, थेट गर्भ काढला होता, म्हणून दुहेरी परिणाम लागू नाही, असा बिशपांचा युक्तिवाद. मला तो माणुसकीला जड वाटतो, पण त्यांच्या चौकटीत तो तर्काला धरून आहे. रशियन ऑर्थोडॉक्स चर्चच्या २००० सालच्या सामाजिक भूमिकेत अशाच प्रसंगी, आईच्या जिवाला थेट धोका असताना, विशेषतः तिला आधीची मुलं असताना, सौम्यतेनं वागा, तिला प्रभुभोजनापासून तोडू नका, असं म्हटलंय. इंग्लंडचं अँग्लिकन चर्च तीव्र विरोधाबरोबर मोजके अपवाद मानतं. म्हणजे 'ख्रिस्ती धर्म म्हणतो' असं एका दमात म्हणता येत नाही.

बाळ कुठे गेलं? बाप्तिस्मा न झालेली बाळं लिंबोत, म्हणजे ना स्वर्ग ना नरकयातना अशा जागी, जातात, असं आई म्हणाली असेल किंवा म्हणेल. लिंबो हे जुन्या धर्मपंडितांचं अनुमान होतं, चर्चचा सिद्धान्त कधीच नव्हता. २००७ मध्ये आंतरराष्ट्रीय धर्मशास्त्र आयोगानं अशा बाळांच्या तारणाची आशा धरायला भक्कम आधार आहे असं सांगितलं. चर्च त्यांना देवाच्या दयेवर सोपवतं. पोप दुसरे जॉन पॉल यांनी १९९५ च्या परिपत्रकात गर्भपात केलेल्या स्त्रियांनाच उद्देशून लिहिलंय, त्यात दटावणी नाही, आशा सोडू नका असं आहे. ९९ वा परिच्छेद. आईला तेवढाच काढून द्या. थेरवादी उत्तर वेगळं: तो जीव त्याच्या कर्मानं पुढे गेला, तुमच्या दुःखात अडकून बसलेला नाही. बाळाचा आत्मा कोपतो आणि पुढची गर्भधारणा बिघडवतो ही भीती पाली ग्रंथांत नाही. जपानमध्ये गेल्या काही दशकांत पाडलेल्या गर्भांसाठी बाळांचा रक्षक मानलेल्या जिझोच्या मूर्तीपुढे मिझुको कुयो नावाचा विधी करतात. त्यानं कित्येकींना रडायला जागा मिळाली हे खरं. पण कोपाची भीती घालून पैसे काढण्याचे प्रकारही तिथेच वाढले, आणि जपानचाच जोदो शिन्शू पंथ हा विधी मानत नाही. कुणी तुम्हाला शांती करायला सांगून रक्कम बोललं, तर तिथून निघा.

मिळून काय करता येईल? एकच विधी दोघांनी करायचा हट्ट नको, त्यात दोघंही खोटं बोलाल. त्या बाळासाठी तुम्ही मिस्सा अर्पण करू शकता. नवरा शेजारी बसू शकतो, प्रसाद घेऊ शकत नाही. तो दान देऊन पुण्यानुमोदन करू शकतो, म्हणजे ते पुण्य बाळाला अर्पण करू शकतो. गेलेला प्रेतयोनीत नसेल तर दान त्याला पोचत नाही, असं जाणुस्सोणि सुत्तात म्हटलंय. पण ते वाया जात नाही, देणाऱ्याचं होतं. विहारात त्याच्यासोबत मेत्ता, म्हणजे मैत्री, भावनेला बसायला तुम्हाला अडचण नाही. त्रिसरण म्हणताना गप्प राहा, कारण ती शरणागती आहे, आणि तुमची दुसरीकडे आहे. घरी रात्री मुलगी झोपल्यावर दोघांनी पंधरा मिनिटं नुसतं शेजारी बसावं. तुम्ही दोघं चार वर्षं या विषयावर एकमेकांशी बोललेला नाहीत, असं पत्रावरून दिसतं. 'तू ठरवशील ते' या त्याच्या वाक्यानं तुम्हाला मोकळं सोडलं की एकटं, हे तेव्हा बोला.

आणि त्याला एक सांगा. संयुत्तनिकायात एका गामणीला, म्हणजे गावच्या मुख्याला, बुद्ध सांगतात ते असं: आपल्या हातून प्राणघात झाला, ते बरं नव्हतं, पण आता पश्चात्तापानं न केल्यासारखं होणार नाही, असा विचार करून माणूस पुढे प्राणघातापासून दूर राहतो आणि चारी दिशांना मेत्ता पसरवतो; शंख फुंकणाऱ्याचा आवाज चारी दिशांना सहज जातो तशी. खंत करत बसणं, कुक्कुच्च, हे पाच नीवरणांत, म्हणजे मनाच्या अडथळ्यांत, मोडतं, साधनेत नव्हे. पहिल्या ओळीचा शेवटचा शब्द आहे समादियामि. त्याचा अर्थ 'मी पाळलंय' असा नाही, 'मी आता घेतो' असा आहे. ज्याच्या हातून शील मोडलं त्यानं ती ओळ गिळायची नसते. पुढच्या वेळी त्यानं ती म्हणावी, हळू आवाजात म्हटली तरी चालेल.